कडू कवठ आणि ॲलिस बॉल

आपल्या सह्याद्रीत कडू कवठाचं झाड सापडतं. त्याच्या बियांचं तेल आणि त्याच्याच भाऊबंदाचं चौलमुग्रा तेल, ही कुष्ठरोगावरची जुनी औषधं. गोची एवढीच, की प्यायलं तर मळमळ, टोचलं तर गाठी!

१९१५-१६ च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ मुलीने चौलमुग्रा तेलातल्या आम्लांपासून इथाइल एस्टर बनवले. आता टोचलेलं औषध अंगात शोषलं जाऊ लागलं. १९१६ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी ती गेली. तिचं काम कॉलेजचे अध्यक्ष डीन यांनी तिचं नाव न घेता छापलं. १९२२ मध्ये डॉ. हॉलमन यांनी श्रेय तिला दिलं.

१९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली, तेल मागे पडलं. असो. दुसऱ्याचा कोड वापरताना आपण वर त्याचं नाव ठेवतो. एवढंच तर करायचं होतं.