गहू न सोसणाऱ्यांचा इतिहास

अमरावती-अकोल्याकडे सालदाराची बोली होई तेव्हा रोख रकमेबरोबर ज्वारीही ठरे. कष्टकऱ्याच्या घरी रोजची भाकरी, नाहीतर ज्वारीच्या कण्या. गव्हाची पोळी सणावारी, किंवा जावई आला म्हणजे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत वावरताना जुन्या माणसांकडून आम्ही हेच ऐकत आलो. मग गव्हामुळे होणाऱ्या रोगाचा इतिहास वऱ्हाडात कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी श्रोत्यांना आधी हॉलंडपर्यंत यावे लागेल.

रोगाचे नाव सीलिअ‍ॅक. मूल वरचे अन्न खाऊ लागते आणि काही महिन्यांत त्याचे पोट फुगते, हातपाय काडीसारखे होतात, हगवण थांबत नाही. खाल्लेले अंगी लागत नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी १८८८ साली ह्या रोगाचे नीट वर्णन केले आणि रोगी बरा झालाच तर पथ्यानेच होईल, असे बजावले. पथ्य कशाचे, हे मात्र त्यांना उमगले नाही. पुढे १९२४ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवल्याचे प्रसिद्ध केले. मुले सुधारत, आणि श्रेय केळ्याला मिळे! वास्तविक ताटात काय होते त्यापेक्षा काय नव्हते, हे पाहायला हवे होते.

ते पाहिले हेगच्या बालरुग्णालयातील विलेम डिके यांनी. महायुद्धापूर्वीच त्यांना गव्हाचा संशय आला होता. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनला आश्रयास असलेल्या डच सरकारच्या हाकेवरून रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मन फौजांची वाहतूक अडावी हा हेतू. सुमारे ३०,००० कामगार काम सोडून गेले, पुष्कळसे लपून राहिले. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम भागाकडे जाणारे धान्य रोखले. मागाहून कालवेही गोठले. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसे उपासमारीने मेली. संपाची किंमत चुलीला मोजावी लागते हे आम्हां चळवळीतल्या माणसांना ठाऊक असते, तरी ह्या आकड्यापाशी आम्ही थबकतो. लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते. पावाच्या त्या टंचाईत डिके यांचा संशय पक्का झाला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तो दिला वजनकाट्याने. डिके यांनी आपल्या लहान रोग्यांची वजने वर्षानुवर्षे नोंदली होती. गहू बंद केला की रेघ वर चढे, पुन्हा दिला की घसरे. उट्रेख्टच्या विद्यापीठाला त्यांनी १९५० साली सादर केलेला प्रबंध ह्या नोंदींवर उभा आहे. वायर्स व व्हान डे कामर ह्या सहकाऱ्यांबरोबर पुढे शोध घेतल्यावर दोष गव्हातील चिकट प्रथिनाचा, म्हणजे ग्लुटेनचा, असे ठरले. त्याने लहान आतड्याच्या आतील लव झिजते आणि अन्न शोषलेच जात नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० खालचा करार झाला आणि तिकडचा गहू रेशनच्या दुकानांत आला. पुढच्या दशकात हरितक्रांती झाली. सणाची पोळी रोजची झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात हजारी सुमारे १२, तर दक्षिणेत अवघा १ असा हा रोग आढळला. अंगच्या अनुवंशिक प्रवृत्तीत मोठा फरक नव्हता. फरक होता खाण्यातल्या गव्हात. वऱ्हाड त्या पाहणीत नव्हताच.

वजनाचा दुसरा अर्थही अलीकडे कळला आहे. सीलिअ‍ॅकचा रोगी हडकुळाच असतो ही समजूत खोटी ठरली. लठ्ठ माणसांतही तो सापडतो. शिवाय गहू सोडल्यावर आतडे भरून येते, अन्न लागू लागते आणि वजन चढते. मुलाच्या बाबतीत ही आनंदाची गोष्ट. प्रौढाचे मात्र ते कधी गरजेपलीकडे जाते, विशेषतः बाजारची गोड-तुपकट बिनगव्हाची बिस्किटे खाल्ली तर. ज्वारीत ग्लुटेन नाही. मात्र गव्हामागोमाग त्याच गिरणीत ज्वारी दळली की पिठात गहू येतोच. आणि रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये, तपासणी फसते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्याचेही नाव आहे. तेव्हा ज्या घरात असा रोगी आहे, त्या घराला त्याच्या वाट्याच्या गव्हाऐवजी ज्वारी मागता यावी, एवढे कलम आम्ही आमच्या मागणीपत्रात घालू इच्छितो.