ऑफसेट स्मोकर घेण्यापूर्वी

अमेरिकेत स्वतंत्र घर घेतले की मागच्या अंगणाचे काय करावे, हा प्रश्न तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही उभा राहतो. घर टेक्ससमध्ये असेल, तर गॅसच्या शेगडीवर समाधान मानणे कठीण जाते आणि शेजाऱ्याकडचा मोठा ऑफसेट स्मोकर खुणावू लागतो. हा मोह हजारो डॉलरवर जाऊ शकत असल्याने आधी या यंत्राची रचना समजून घेणे हिताचे.

ऑफसेट स्मोकर म्हणजे पोलादाचे आडवे पिंप. त्याच्या एका टोकाला, किंचित खालच्या पातळीवर, लाकूड जाळण्याचा स्वतंत्र कप्पा म्हणजेच फायरबॉक्स जोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. आग मांसाच्या खाली नसून बाजूला असते. धुराडे हवा ओढते आणि त्या ओढीबरोबर उष्णता व धूर जाळीवरील मांसावरून वाहत जातात. धुरावर मांस शिजवण्याची मध्य टेक्ससमधील परंपरा जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांच्या खाटिकखान्यांतून वाढली. लॉकहार्ट गावचे ‘क्राइट्स मार्केट’ १९०० पासूनचे आहे. तेथे विटांच्या भट्ट्या असत. अंगणातील पोलादी स्मोकर मात्र वेल्डिंग करणाऱ्यांनी तेलउद्योगातील जाड नळांपासून आणि प्रोपेनच्या जुन्या टाक्यांपासून घडवले.

खरेदीत पहिला प्रश्न आकाराचा नव्हे, पत्र्याच्या जाडीचा विचारावा. चांगल्या स्मोकरचे पोलाद पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर जाड असते. अशा पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडाच ४७ किलोंच्या आसपास भरतो. हे वजन उष्णता साठवते. त्यामुळे झाकण उघडले किंवा वारा सुटला, तरी तापमान लगेच कोसळत नाही. मोठ्या दुकानांतून काहीशे डॉलरना मिळणारे पातळ पत्र्याचे स्मोकर दिसायला सारखेच असतात. पण त्यांच्या झाकणाच्या फटींतून धूर गळतो, थंडीत ते दुप्पट लाकूड खातात आणि फायरबॉक्सचा तळ लवकर गंजतो. ठरलेल्या रकमेत मोठा पातळ की लहान जाड, अशी निवड करायची झाल्यास लहान जाडच घ्यावा. मोठ्या पिंपाला मोठी आग लागते. चार माणसांच्या स्वयंपाकासाठी ती पेटवणे परवडत नाही, आणि लाकूड वाचवण्यासाठी आग कोंडली की मांस कडवट होते.

हा कडवटपणा नवख्यांना फार छळतो. धूर जितका दाट तितकी चव अधिक, हा समज चुकीचा आहे. दाट पांढरा धूर अपुऱ्या ज्वलनाचे लक्षण होय. हवा तो जवळजवळ न दिसणारा, निळसर झाक असलेला धूर. त्यासाठी लाकूड सहा महिने ते वर्षभर वाळलेले असावे आणि धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेवावी. तापमान आगीच्या आकाराने आणि फायरबॉक्सच्या झडपेने राखावे. टेक्ससमध्ये पोस्ट ओकला पसंती आहे. मेस्क्विटचा धूर उग्र असल्याने तो लांब स्वयंपाकाला जपून वापरावा.

गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी जळण घालणारा माणूस हलत नाही, तसेच येथेही बसावे लागते. साधारण दर अर्ध्या-पाऊण तासाला एक फाळका टाकायचा. पाच-सहा किलोंचे ब्रिस्केट, म्हणजे गोमांसातील छातीचा भाग, १०७ ते १३५ अंश सेल्सिअसवर बारा किंवा त्याहून अधिक तास घेते. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी तासन्‌तास अडते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच येथे घडते: पृष्ठभागावरील ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो. घाबरून आग वाढवू नये. ९५ अंशांच्या सुमारास चिवट कोलॅजेनचे जिलेटिन झालेले असते आणि सुई लोण्यात जावी तशी आत जाते. गोमांस न खाणाऱ्यांना डुकराच्या बरगड्या किंवा बोकडाची रांग उत्तम. कोंबडी मात्र अधिक आचेवर, १५० अंशांच्या आसपास करावी, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. आतील तापमान ७४ अंश झालेच पाहिजे. झाकणावरच्या तापमापकावर विसंबू नये. जाळीच्या पातळीवर वेगळा लावावा.

गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त व्हरांड्यात हे यंत्र कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या प्रोपेन टाकीवर वेल्डिंग करण्याचे काम माहीतगारावरच सोपवावे, कारण आत उरलेल्या वायूने स्फोट होऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापून विषारी वाफा सोडतो, तोही टाळावा. नवा स्मोकर आतून तेल चोळून काही तास रिकामाच तापवावा. वापरानंतर थंड झालेली राख त्याच आठवड्यात झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावी. ओली राख पोलाद खाते.