तळे आणि कारखाना

गोंड राजवटीत कोहळी लोकांनी पूर्व विदर्भात तळी बांधली. ढिवरांनी त्यांत मासे राखले. परंतु रोहू-कटला साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांचे बीज नदीतून आणावे लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडविली, आणि ही अडचण फिटली. ते संशोधन सरकारी पैशावर झाले.

आज नागपुरास २००० साली स्थापन झालेले पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि दक्षिणेस बुटीबोरीचे कारखाने. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्याचे बंधन घातले. त्यातून पदव्युत्तर संशोधकास अनुदान मिळू शकते. ते अवश्य घ्यावे. मात्र संशोधनाचा प्रश्न दात्याने नव्हे, ढिवराच्या तळ्याने ठरवावा.