चायना ग्रासमागच्या बाया



पुडिंगसाठी आपण दुकानातून चायना ग्रास आणतो. नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून ते करतात, त्यालाच अगर म्हणतात. समुद्रात खरं गवतही असतं, त्याला मुळं असतात आणि फुलं येतात. शेवाळाला दोन्ही नाही, ते खडकाला धरून वाढतं. कोकणात पावसाळा सरला की मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला असं शेवाळ दिसतं. आपल्या जालन्यापासून समुद्र लांब, पण या शेवाळाचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

१८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख जंतूंचा अभ्यास करत होते. जंतू वाढवायला वापरायचं ते जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या वॉल्थर हेसे यांची बायको फॅनी. तिच्या घरची जेली उन्हाळ्यातही घट्ट राहायची, कारण ती अगर घालायची. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती हे शिकली होती. तिने अगर सुचवलं आणि अडलेलं काम मार्गी लागलं. आजही प्रयोगशाळांत जंतू अगरवर वाढवतात. १८८२ साली कॉख यांनी क्षयाच्या जंतूंवर लिहिलं, त्यात अगर होतं, फॅनीचं नाव नव्हतं.

आता आपल्या देशात येऊ. रामेश्वरला जाताना पांबनचा पूल लागतो. त्या भागातल्या बाया बोटांना चिंध्या गुंडाळून समुद्रात बुडी मारतात आणि शेवाळ काढतात. तिथली २१ बेटं १९८६ साली राष्ट्रीय उद्यानात गेली. पुढे या बायांना अडवलं जाऊ लागलं, चूल कशी पेटणार हा प्रश्न आला. चिन्नपालम गावच्या लक्ष्मी यांनी त्यांना एकत्र केलं. बायांनी स्वतःच नियम घातले: महिन्यात १२ दिवसच काढणी, आणि लोखंडी अवजाराने खरवडायचं नाही, हातानेच तोडायचं. मग शेवाळ पुन्हा फुटतं. २०१५ साली लक्ष्मी यांना सीकॉलॉजी या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

फॅनी एकटी होती. लक्ष्मी यांच्यामागे गट होता.

आपल्याकडे राखेत घोळून बियाणं जपते ती बाईच, पण सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचित दिसतं. म्हणून आम्ही गटाच्या पुढच्या बैठकीत कोण काय जाणतं, ते तिच्या नावासकट रजिस्टरात लिहिणार आहोत. तुम्हीही लिहा.