आठवीचा वर्ग



परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना सासऱ्यांची जुनी वही सापडली. एका पानावर दुकानाचा हिशोब मराठीत, पुढच्या पानावर बीजगणित चक्क उर्दूत! नातीला खरंच वाटेना की हे तिच्या पणजोबांचं अक्षर आहे.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हायस्कूलचं शिक्षण उर्दूतून व्हायचं, तेही मोठ्या गावी. खासगी शाळा काढायची तरी सरकारची परवानगी लागे. मुलगे नातेवाइकांकडे राहून शिकत. सासूबाई मात्र चौथीवरच थांबल्या. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं, शाळेत मराठी आली, पण गावोगावी आठवीचा वर्ग यायला पुढे बरीच वर्षं गेली.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की एखादी शिक्षणसंस्था आठवते, आपल्याकडे आठवते ती जिल्हा परिषदेची प्रशाला. माझं माहेर परतूर तालुक्यातलं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला आणि परतूर परभणीतून इकडे आलं. मी तेव्हा आठवीत जाणार होते. शाळेच्या पाटीवरचं 'परभणी' पुसून 'जालना' लिहिताना आम्ही मुली उन्हात उभं राहून बघत होतो. शाळा घराजवळ होती म्हणूनच मी दहावी झाले. ती दुसऱ्या गावी असती, तर बाबांनी पाठवलं नसतं.

आता पटसंख्या घटली की समायोजनाची भाषा सुरू होते. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने मांडला. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांचे दाखले दिले गेले. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळतो, हे मलाही पटतं. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी, हेही तितकंच खरं.

आणि पट घटला कुणामुळे? खरं सांगू का, पहिली मुलं आपणच काढली. माझा मुलगाही इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून गेला. मागे राहिली ती शेतमजुरांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं. शाळा हलली की पायपीट त्यांची होते.

आमच्या सासरच्या गावातल्या मुली आठवीपासून एसटीने तालुक्याला जातात. पास मोफत आहे, पण गाडीचा नेम नाही. थंडीत दिवस लवकर मावळतो. सासूबाईंचा चोविहार, त्यामुळे त्यांचं जेवण आधीच आटोपलेलं असतं. तरी त्या ओट्यावरून हलत नाहीत. समोरच्या थांब्यावर मुली उतरल्या की एकेक मोजतात, आणि मगच दार लावून घेतात.