वेंगुर्ले रॉक्स : समुद्रपक्ष्यांची वीणस्थळे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याच्या वायव्येस सु. १४ किमी. वर अरबी समुद्रातील खडकाळ बेटांचा समूह. ‘बर्न्ट आयलंड्स’ असेही त्यास म्हणतात. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७५ मध्ये येथे भेट देऊन गुहेतील पाकोळ्यांची नोंद केली. हुमायून अब्दुलअली यांचा येथील कुररी व पाकोळ्यांवरील लेख १९४२ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ब्रायडल्ड टर्न व इतर कुररी खडकांवर अंडी घालतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र माणसाला बेटांपासून दूर ठेवतो. पाकोळ्यांची वीण मात्र उन्हाळ्यात, समुद्र शांत असताना होते. त्यामुळे लाळेने बांधलेली त्यांची घरटी सूपासाठी चोरली जात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

एकांत हेच बेटावरील पक्ष्यांचे संरक्षण असते. तो भंगला की घरट्यांना दुसरा आधार उरत नाही. अंटार्क्टिकानजीकच्या मक्वारी बेटावर माणसाबरोबर आलेल्या मांजरी, उंदीर व सशांनी पक्ष्यांची मोठी हानी केली. त्यांच्या निर्मूलनानंतर २०१४ मध्ये ते बेट उपद्रवमुक्त घोषित झाले. वेंगुर्ल्याच्या बेटांवरही विणीच्या काळात माणसाने पाऊल न ठेवणे, हाच संरक्षणाचा मुख्य उपाय होय.