नियमसंहिता, आश्रय आणि मैदान : भिलाईच्या संदर्भात कबड्डीचा इतिहास

१

१९७८ साली तत्कालीन मध्य प्रदेशातील भिलाई या पोलादनगरीत राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्यानिमित्त भरलेल्या विशेष परिषदेत आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना करण्यात आली. क्रीडा-इतिहासात ही घटना बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः भारतीय उपखंडात एकाच वेळी नांदत असलेल्या अनेक कबड्डींपैकी नेमकी कोणती कबड्डी ‘आशियाई’ ठरणार, या प्रश्नावर तेथे शिक्कामोर्तब झाले. हा निर्णय खेळाच्या अंगभूत गुणांवरून झाला, असे गृहीत धरले जाते. मैदान कोणाच्या ताब्यात होते आणि खेळाडूच्या उदरनिर्वाहाचा भार कोण उचलत होते, या दोन बाबींचा त्यात मोठा वाटा होता, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित वाटू नये. मौखिक परंपरेतील अनेक पाठांपैकी एक पाठ लिखित होतो, छापला जातो, त्याला संस्थेचे पाठबळ मिळते आणि उरलेले पाठ ‘पाठभेद’ ठरतात. हुतूतू, हाडुडू, सडुगुडु, कबड्डी ही नावे म्हणजे एकाच क्रीडाकल्पनेची प्रादेशिक रूपे होत. त्यांतील एका रूपाचे प्रमाणीकरण ही भाषेच्या प्रमाणीकरणाशी समांतर जाणारी प्रक्रिया आहे.

२

या खेळाच्या तीन नियमसंहिता परंपरेने सांगितल्या जातात. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नाही. केवळ गुण मोजला जातो. ‘गामिनी’ प्रकारात बाद गडी परत येत नाही आणि एका बाजूचे सर्व गडी बाद होईपर्यंत डाव चालू राहतो. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होतो, आणि सामना ठरावीक वेळेत संपतो. पंजाबातील वर्तुळाकार शैली अमर प्रकाराला जवळची आहे. तीत चढाई करणाऱ्यास एका वेळी एकच गडी अडवू शकतो. त्यामुळे सांघिक पकडीऐवजी द्वंद्वाला महत्त्व येते.

जागेच्या दृष्टीनेही या संहितांत मोठा फरक आहे. संजीवनी प्रकारातील पुरुषांचे आयताकृती क्रीडांगण आज १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर असते. वर्तुळाकार शैलीचे मैदान साधारण २२ मीटर व्यासाचे, म्हणजे सुमारे ३८० चौरस मीटर भरते. एका संहितेला दुसरीच्या जवळजवळ तिप्पट जागा लागते. चाळीच्या अंगणात, शाळेच्या पटांगणात किंवा पुढे बंदिस्त सभागृहात कोणता खेळ मावणार, हे या आकड्यांनीच बऱ्याच अंशी ठरविले.

आयताकृती संहितेची जडणघडण प्रामुख्याने मराठी भाषकांच्या संस्थांत झाली. १९१८ पासूनच्या काही वर्षांत महाराष्ट्रात हुतूतूचे नियम एकत्र करण्याचे प्रयत्न झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले आणि अखिल भारतीय स्वरूपाची स्पर्धा भरविली. बडोद्यात तेव्हा सयाजीराव गायकवाड यांची राजवट होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. अखिल भारतीय पातळीवर ‘हुतूतू’ हे नाव मागे पडले आणि उत्तरेत रूढ असलेले ‘कबड्डी’ हे नाव टिकले. नियम मात्र पश्चिमेकडचे राहिले. नाव एका प्रदेशाचे आणि व्याकरण दुसऱ्याचे, अशी ही तडजोड होती.

या टप्प्यावर खेळाचा आर्थिक आधार होता तो वर्गणीचा. मुंबईच्या गिरणगावातील आणि कोकणातील मंडळे वर्गणी गोळा करीत, मैदानावर माती पसरून ते तयार करीत आणि दिव्यांच्या प्रकाशात सामने भरवीत. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांची कारकीर्द या मंडळांच्या जाळ्यातूनच घडली.

३

प्रतिस्पर्धी संहितांचा प्रश्न अन्यत्र कसा सुटला, हे पाहिले असता भिलाईचे वेगळेपण स्पष्ट होते. इंग्लंडात १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा चेंडू हाताने नेण्यास मुभा देणारा रग्बीचा प्रवाह वेगळा राहिला. पुढे रग्बीमध्येच फूट पडली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. वादाचा मुद्दा खेळाच्या नियमांचा नव्हता. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूची सामन्यामुळे बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, हा तो मुद्दा होता. नियमांतील फरक नंतर आले. १९०६ मध्ये उत्तरेकडील संघटनेने संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून १३ वर आणली. प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगणाऱ्या क्लबांना वेगवान खेळ हवा होता. रग्बी युनियनने हौशीपणाचा आग्रह १९९५ पर्यंत सोडला नाही.

भारतात हाच पेच उद्भवला असता, परंतु तो वेगळ्या मार्गाने टळला. येथे खेळाडूला सामन्याचे मानधन देण्याऐवजी नोकरी देण्यात आली. रेल्वे, पोलीस, सेनादले, बँका, तेल कंपन्या आणि सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने यांनी क्रीडापटूंना सेवेत घेतले. खेळाडूला पगार मिळे तो कर्मचारी म्हणून. खेळे तो हौशी म्हणून. नोकरी हीच या व्यवस्थेतील न बोललेली व्यावसायिकता होती. हडर्सफील्डसारखी फूट येथे पडली नाही, याचे एक प्रमुख कारण हे मानावे लागते.

४

या व्यवस्थेचे नमुनारूप म्हणजे भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. अमरावती आणि भिलाई ही तोवर एकाच प्रशासनाखालील ठिकाणे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने ती वेगळी केली. क्रीडाक्षेत्रात विदर्भ मात्र उर्वरित महाराष्ट्राहून स्वतंत्र घटक म्हणूनच राहिला. भिलाईतील परिषद ही मराठी क्रीडापरंपरेच्या दृष्टीने परप्रांतात घडलेली घटना मानता येत नाही, ती यामुळे.

भिलाईची रचना सेक्टरांमध्ये झाली. जमीन, घरे, शाळा, रुग्णालय आणि मैदाने हे सारे कारखान्याच्या व्यवस्थेचे अंग होते. सोव्हिएत देशांत क्रीडासंघ उद्योगांशी आणि कामगार संघटनांशी जोडलेले असत. भिलाईने त्याचे थेट अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही कारखाना हाच नागरी जीवनाचा आश्रयदाता असावा, ही कल्पना दोन्हीकडे समान होती. गिरणगावात मंडळाला मैदानासाठी महापालिकेकडे आणि वर्गणीसाठी दारोदार जावे लागे. पोलादनगरीत मैदान आणि खेळाडूची नोकरी एकाच छत्राखाली येत. देशभरातील संघांना सामावून घेऊ शकेल अशी जागा, निवास आणि भोजनव्यवस्था अशा वसाहतीत सहज साधत असे.

अशा ठिकाणी कोणती संहिता रुजणार, हे जवळपास ठरलेलेच होते. वेळेने बांधलेली, गुणपत्रिकेत नोंदता येणारी, पंचांच्या निश्चित अधिकारावर चालणारी संजीवनी पद्धत पाळ्यांच्या घड्याळावर चालणाऱ्या नगरीला मानवणारी होती. गामिनीचा डाव केव्हा संपेल हे सांगता येत नाही. अशा सामन्यांची राष्ट्रीय कार्यक्रमपत्रिका आखणे कठीण असते. १९७२-७३ मध्ये अस्तित्वात आलेल्या भारतीय हौशी कबड्डी महासंघाने ही पद्धत राष्ट्रीय मानली होतीच. १९७४ मध्ये भारतीय संघाने बांगलादेशाचा दौरा केला होता आणि तेथेही हा राष्ट्रीय खेळ मानला गेला होता. भिलाईतील परिषदेने या द्विपक्षीय संबंधाला खंडीय रूप दिले. १९८० मध्ये कोलकाता येथे पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंग येथे कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला.

वर्तुळाकार शैली या प्रवासात मागे राहिली, याचा अर्थ ती दुर्बल होती असा नाही. तिचे आश्रयदाते वेगळे होते. किला रायपूर येथे १९३३ पासून भरणारे ग्रामीण क्रीडामेळे, गावोगावच्या जत्रा आणि कॅनडा, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी समाज यांच्यावर ती पोसली गेली. शेताच्या मोकळ्या जमिनीवर २२ मीटरचे वर्तुळ आखणे अवघड नव्हते. पैसा होता, प्रेक्षक होते. नव्हते ते राष्ट्रीय संघटनेतील तेवढे वजन.

५

२०१४ मध्ये दोन्ही संहिता जवळजवळ एकाच वेळी उघडपणे व्यावसायिक झाल्या. २६ जुलै रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला. ऑगस्टमध्ये लंडनच्या ओटू अरीनात वर्तुळाकार शैलीची वर्ल्ड कबड्डी लीग सुरू झाली. त्याआधी २०१० पासून पंजाब शासन वर्तुळाकार शैलीची विश्वचषक स्पर्धा खुल्या क्रीडांगणांवर भरवीत होते. एका बाजूला दूरचित्रवाणी वाहिनीचे भांडवल, दुसऱ्या बाजूला शासन आणि परदेशस्थ समाज, अशी ही विभागणी होती.

या स्पर्धेत क्रीडागृहाची निवड निर्णायक ठरली. प्रो कबड्डी लीगने मातीऐवजी मॅट स्वीकारली आणि मोकळ्या मैदानाऐवजी बंदिस्त सभागृह. १३० चौरस मीटरचे क्रीडांगण बालेवाडीसारख्या संकुलातील सभागृहात बसते, प्रकाश हवा तसा योजता येतो, पावसाळ्यातही सामना थांबत नाही आणि कॅमेरा खेळाडूच्या अगदी निकट जातो. २०१५ मध्ये स्टार इंडियाने लीगच्या मालक कंपनीत ७४ टक्के हिस्सा घेतला. २०१४ च्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावत याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजण्यात आले. २०१९ मध्ये महासंघाबाहेरच्या गटाने इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू केली, तेव्हा तिनेही पुण्यात बालेवाडीचाच आधार घेतला. प्रतिस्पर्धी संघटनेलाही सभागृहाची हीच वाट धरावी लागली.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. कोट्यवधींची बोली लागणाऱ्या या खेळाचे नियंत्रण करणाऱ्या राष्ट्रीय महासंघाच्या नावात ‘हौशी’ हा शब्द कायम राहिला. तो शब्द ज्या नोकरीच्या आधारावर अर्थपूर्ण होता, तो आधार मात्र क्षीण झाला. १९९१ नंतर सार्वजनिक क्षेत्रातील कायम नोकऱ्या आक्रसत गेल्या आणि कंत्राटी श्रमाचे प्रमाण वाढले. कारखान्याने दिलेली नोकरी निवृत्तीपर्यंत, म्हणजे गुडघे निकामी झाल्यावरही, टिकत असे. लिलावातील करार काही हंगामांपुरता असतो. मोजक्या खेळाडूंना पूर्वी अकल्पनीय असा पैसा मिळाला. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बहुसंख्यांची सुरक्षितता त्याच प्रमाणात वाढली नाही.

भूगोलही बदलला. नागपूर, भोपाळ, रायपूर किंवा भिलाई यांच्या नावाचा एकही संघ प्रो कबड्डी लीगमध्ये आला नाही. २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम महासाथीमुळे बंगळूरच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना पार पडला, आणि २०२४ चा हंगाम हैदराबाद, नोएडा व पुणे या तीनच शहरांत झाला. ज्या खेळाला एकेकाळी नगरीची गरज होती, त्याला आता सभागृह पुरेसे होते.

छत्तीसगढमध्ये याला एक वेगळे उत्तर दिले गेले. २०२२ मध्ये राज्यशासनाने ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ सुरू केले आणि २०२३ मध्येही ते भरविले. गेडी, फुगडी, लंगडी, खो-खो यांच्या पंक्तीत कबड्डीलाही स्थान मिळाले. मराठी वाचकाला ओळखीची वाटावी अशी ही यादी आहे. आशियाई महासंघाचे जन्मस्थान ज्या राज्यात आहे, तेथे कबड्डी पुन्हा एकदा लोकखेळांच्या रांगेत, शासकीय खर्चाने आणि गावच्या मातीवर खेळली गेली.

६

२०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत इराणने पुरुषांच्या उपांत्य फेरीत आणि महिलांच्या अंतिम फेरीत भारताला हरविले. प्रमाणित झालेली संहिता तिच्या निर्मात्यांच्या मालकीची राहत नाही, हे त्यातून दिसले. भाषेप्रमाणेच खेळाचेही असे होते : जो तिचे व्याकरण आत्मसात करतो, तो तिचा हक्कदार ठरतो. भिलाईत घेतलेल्या निर्णयाचे हे यश मानले पाहिजे. त्या निर्णयाची किंमत मात्र वेगळ्या जमाखर्चात पडते. त्या नगरीने खेळाला केवळ मैदान दिले नव्हते. खेळ संपल्यानंतरचे आयुष्यही देऊ केले होते. व्यावसायिक कबड्डीने संहिता घेतली, मैदान आत नेले, आणि ती दुसरी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित ठेवला.